मुलाखत, फळ आणि दुसऱ्याचा हात



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळीसावा. इथे पुन्हा लिहीत नाही, कारण तो तुम्हाला पाठ आहे. गीतेतला दुसरा एकही श्लोक येत नसलेल्या माणसाला हा येतो, आणि अडचण नेमकी तीच आहे. क्लासच्या भिंतीवर हा, फॅमिली ग्रुपवर हा, अप्रेझलच्या सीझनमध्ये मॅनेजरच्या तोंडी हा. (मॅनेजरने हा श्लोक म्हटला की पगारवाढ दोन टक्क्यांच्या आत असणार हे समजून घ्यावं.) आणि इंटरव्ह्यूमध्ये नापास झालं की तर हमखास. काका फोन करतात, "बाळा, आपण कर्म करत राहायचं, फळाचा विचार करायचा नाही" म्हणतात, आणि दुसऱ्या मिनिटाला विषय क्रिकेटवर जातो.

काकांचा हेतू चांगला असतो. पण ज्याला नुकताच नकार आलाय त्याच्या कानाला तो श्लोक कसा लागतो, हे जरा बघायला हवं. त्याला ऐकू येतं: तुला जे झोंबतंय ते झोंबायला नको होतं. म्हणजे नोकरी तर गेलीच, वर अध्यात्मातही नापास.

आमच्या शनिवारच्या ऑनलाइन वाचनात एक मुलगा आहे. सव्वीस वर्षांचा, बॅकएंडवर काम करतो. जानेवारीपासून त्याने सात कंपन्यांत इंटरव्ह्यू दिले. सकाळी सहा ते आठ लीटकोड, मग ऑफिस, रात्री जेवून सिस्टिम डिझाइनचे व्हिडिओ. दोन ठिकाणी शेवटच्या राउंडपर्यंत पोचला. एकीने पोझिशन होल्डवर गेल्याचं कळवलं, दुसरीने काहीच कळवलं नाही. परवा हा श्लोक वाचायला आला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला, "दादा, शेतकऱ्याला सांगितलं की पीक तुझ्या हातात नाही, तर ते मला पटतं. पाऊस आहे, कीड आहे, गारपीट आहे. पण माझं फळ तर एका माणसाच्या हातात होतं ना? त्याने नीट बघितलंच नाही. मग चुकला तो, आणि श्लोक मात्र मला?"

कॉलवर नऊ जण होतो. कुणीच लगेच बोललं नाही. मला वाटतं, आमच्या दीड वर्षाच्या वाचनात आलेला हा सगळ्यात सरळ प्रश्न होता. आजचं चिंतन त्यावरच.

आधी "अधिकार" या शब्दाकडे बघू. आज आपण मराठीत अधिकार म्हणजे हक्क समजतो. माहितीचा अधिकार, मतदानाचा अधिकार. तो अर्थ श्लोकात घातला की वाक्य असं होतं: तुला फळाचा हक्कच नाही, तेव्हा मिळालं नाही तर तक्रार कसली? पण शास्त्रात या शब्दाचा अर्थ वेगळा चालतो. मीमांसेत अधिकार म्हणजे एखादं कर्म कुणाचं, ते करायला पात्र कोण, याचा विचार. वारकऱ्यांच्या बोलण्यातही "तो अधिकारी पुरुष होता" म्हणतात तेव्हा त्याच्याकडे शिक्का आणि सही होती असं कुणी समजत नाही. त्याची ती योग्यता होती, ती गोष्ट त्याच्या आवाक्यातली होती, असा तो अर्थ.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर परमिशन. कर्माच्या फाइलवर तुला राइट ॲक्सेस आहे, फळाच्या फाइलवर नाही. श्लोक एवढंच सांगतो. त्या दुसऱ्या फाइलमध्ये काय लिहिलं गेलं याला महत्त्व नाही, असं तो म्हणत नाही. आणि ज्याच्याकडे त्या फाइलचा राइट ॲक्सेस आहे त्याने त्यात वाटेल ते लिहावं, असं तर अजिबातच म्हणत नाही. कारण त्या माणसाचं लिहिणं हे त्याचं कर्म आहे, आणि त्याच्या कर्मालाही हाच श्लोक लागू आहे.

दुसरं, श्लोकाला चार चरण आहेत आणि आपण दोनवर थांबतो. तिसरा चरण सांगतो की फळ हेच कर्माचं कारण होऊ देऊ नकोस. चौथा सांगतो की कर्म न करण्याचाही मोह धरू नकोस. नकार आल्यावर माणूस ज्या खड्ड्यात पडतो तो या चौथ्या चरणातला खड्डा आहे. "जाऊ दे, काही अर्थ नाही" म्हणून लॅपटॉप मिटणं. बाहेरून ते वैराग्यासारखं दिसतं आणि घरचेही फसतात, पोरगं शांत झालं म्हणतात. पण ते फळाशी केलेलं भांडणच असतं: तू आला नाहीस ना, मग मीही येत नाही.

आता माझा एक अनुभव सांगतो, कारण त्या मुलाचा प्रश्न ऐकताना मला सारखा तोच आठवत होता.

काही वर्षांपूर्वी माझी अख्खी टीम एका गुरुवारी बंद झाली. गृहकर्जाचा हप्ता चालू, मुलगी सात महिन्यांची. पुण्यातल्याच एका प्रॉडक्ट कंपनीत प्रक्रिया सुरू झाली: आधी ऑनलाइन टेस्ट, मग कोडिंगचे दोन राउंड, मग डिझाइन, मग हायरिंग मॅनेजर. एकूण पाच, आणि ते सहा आठवड्यांवर पसरलेले. पहिले तीन उत्तम गेले. दुसऱ्या कोडिंग राउंडला एलआरयू कॅशे विचारला होता, हॅशमॅप आणि दोन्हीकडून जोडलेली लिंक्ड लिस्ट वापरून तो मी लिहिला, आणि समोरची मुलगी इतके छान उलटप्रश्न विचारत होती की पंचेचाळीस मिनिटं कधी संपली कळलं नाही. त्या राउंडचा निकाल काहीही लागला असता तरी मी आनंदात जेवलो असतो.

चौथा राउंड डिझाइनचा. साहेब अठरा मिनिटं उशिरा आले, कॅमेरा बंद. प्रश्न दिला: रेट लिमिटर डिझाइन करा. म्हणजे एखाद्या ग्राहकाने मिनिटाला ठरावीकच रिक्वेस्ट पाठवाव्यात, त्याहून जास्त आल्या तर अडवायच्या. मी सोप्या रीतीपासून सुरुवात केली, दर मिनिटाला मोजणी शून्य करायची. मग तिच्यातलं भोक दाखवलं: मर्यादा शंभराची असेल तर एक मिनिट संपता संपता शंभर आणि दुसरं सुरू होताच शंभर, असे दोन-चार सेकंदांत दोनशे आत येतात. म्हणून टोकन बकेट. प्रत्येकाची एक बादली, तिच्यात ठरावीक वेगाने टोकन पडत राहतात, प्रत्येक रिक्वेस्ट एक टोकन खर्च करते, बादली रिकामी तर रिक्वेस्ट परत. सर्व्हर अनेक असतील तर मोजणी रेडिसमध्ये ठेवायची, आणि वाचणं व लिहिणं या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरी रिक्वेस्ट घुसू नये म्हणून दोन्ही एका लुआ स्क्रिप्टमध्ये एकदम करायच्या.

हे सगळं बोलत असताना पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता. मला वाटलं नोट्स घेतायत. मग त्यांनी विचारलं, "पण मिनिटाच्या सीमेवर दुप्पट रिक्वेस्ट आल्या तर?" मी दहा मिनिटांपूर्वी फळ्यावर आकृती काढून सांगितलेलं हेच होतं. आकृती अजून स्क्रीनवर होती. मी पुन्हा सांगितलं. "ओके, फाइन." शेवटी विचारायला पाच मिनिटं मिळतात, ती मिळाली नाहीत, त्यांना दुसरा कॉल होता.

नंतर पंधरा दिवस शांतता. ज्या रिक्रूटरचे आधी दिवसाला तीन मेसेज येत होते, तिचे फक्त निळे टिक. मग एका रात्री दोन वाजता, कुणी वाचत नसलेल्या पत्त्यावरून मेल: काळजीपूर्वक विचार केल्यावर आम्ही दुसऱ्या उमेदवारांसोबत पुढे जात आहोत.

नकार मला सोसला असता. मला टोचलं ते "काळजीपूर्वक". तेवढा एक शब्द खोटा होता आणि तो खोटा आहे हे मला आणि त्या साहेबांना, दोघांनाच माहीत होतं.

बायको म्हणाली, "झोप आता." मी झोपलो नाही. गीता काढली, पण सत्तेचाळीसावा श्लोक उघडायची हिंमत नव्हती, खरं सांगायचं तर रागच होता त्याच्यावर. म्हणून शेवटून उघडली आणि अठराव्या अध्यायात शिरलो.

तिथे चौदावा श्लोक आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं भगवान सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. हे पाच मी इंटरव्ह्यूवर लावून बघितले. अधिष्ठान म्हणजे ज्यावर सगळं उभं ती जागा, इथे ती पोझिशनच, तिचं बजेट, ती खरंच उघडी आहे का नुसती पोर्टलवर राहून गेलीये. कर्ता मी. करणं म्हणजे साधनं: माझी बुद्धी, जीभ, लॅपटॉप, त्या दिवशीचं इंटरनेट. चेष्टा म्हणजे सहा आठवड्यांची तयारी आणि ती पंचेचाळीस मिनिटं. आणि दैव म्हणजे जे माझ्या कुठल्याच खात्यात मांडता येत नाही ते: त्या माणसाचा तो दिवस, त्याच वेळी त्यांच्या प्रॉडक्शनमध्ये काय पेटलं होतं, माझ्या आधी कोण येऊन गेला.

आणि सोळावा श्लोक सांगतो की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हा श्लोक आपण नेहमी यशस्वी माणसाला उद्देशून वाचतो. "मी केलं, मी उभं केलं" म्हणणाऱ्याचा गर्व उतरवायला. त्या रात्री तो मला उलटा वाचता आला. "मीच कमी पडलो, माझ्यातच काही नाही" असं म्हणणाराही केवळ स्वतःलाच कर्ता समजतोय. पाचातली चार कारणं त्याने पुसून टाकलीत. गर्व आणि न्यूनगंड यांची गणिताची चूक एकच आहे, फक्त चिन्ह वेगळं. तुकड्यातुकड्याने खचत चाललेल्या किती मुलांना हा श्लोक कुणीतरी वेळेवर सांगायला हवा, असं मला वाटतं. सत्तेचाळीसाव्याच्या आधी.

पण इथे एक फसवी पायरी आहे आणि आमच्या वाचनातही एक जण त्या पायरीवर घसरलाच. तो म्हणाला, "म्हणजे त्या इंटरव्ह्यूअरने लक्ष दिलं नाही हे दैव. झालं, विषय संपला."

नाही संपला. पाचवं कारण कुणाच्या दृष्टीने दैव? माझ्या. पाऊस सगळ्यांसाठीच दैव आहे, त्याच्या मागे न्याहाळणारं कुणी माणूस बसलेलं नाही ज्याने ढग बघून सोडायचे होते आणि त्याऐवजी तो चॅट करत बसला. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं दुर्लक्ष माझ्या वहीत दैवाच्या रकान्यात जातं, कारण मी ते बदलू शकत नव्हतो. त्याच्या वहीत तीच गोष्ट चेष्टेच्या रकान्यात आहे, कारण तो बदलू शकत होता. एकच घटना, दोन वह्या. दुसऱ्याच्या कर्माला मी माझ्यापुरतं दैव म्हणावं, त्याने मला रात्री झोप येते. त्याने स्वतः मात्र त्याला दैव म्हणू नये. आणि तिसऱ्याने, बाहेर बसून, दोघांच्या वतीने ते दैव ठरवून टाकू नये. काका नेमकं हेच करतात.

त्या मुलाच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं अर्धं उत्तर हे आहे: श्लोक त्या माणसालाही आहे. तो त्याला लागू पडतो का हे तपासायला मात्र मला नेमलेलं नाही, आणि हा भाग कडू आहे. मी ते गोड करून सांगणार नाही.

आता सांत्वनाच्या दुसऱ्या तऱ्हेबद्दल. काका श्लोक सांगतात, तर मित्र गोष्टी सांगतात. ब्रायन ॲक्टनची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. २००९ मध्ये ट्विटर आणि फेसबुक दोघांनीही त्याला नोकरी नाकारली. मग त्याने यान कूमसोबत व्हॉट्सॲप उभं केलं आणि २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. दुसरी गोष्ट मॅक्स हॉवेलची. मॅकवर काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं होमब्रू वापरलं आहे. २०१५ मध्ये त्याने जाहीरपणे लिहिलं की गूगलचे बरेच इंजिनिअर त्याचं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून त्याला नकार मिळाला. त्यावर आपल्या क्षेत्रात बराच वाद झाला, अजूनही अधूनमधून होतो.

गोष्टी खऱ्या आहेत आणि ऐकायला बऱ्या वाटतात. पण त्या का बऱ्या वाटतात ते बघा. पहिल्या गोष्टीत पुढे १९ अब्ज आले म्हणून. दुसऱ्या माणसाचं नाव आधीच मोठं होतं म्हणून. म्हणजे फळ मिळालं नाही याचं दुःख आपण अजून मोठ्या फळाची गोष्ट सांगून शांत करतोय. दारू उतरवायला दारू. ज्याला नकारानंतर काहीच भव्य मिळालं नाही, जो पुढे साध्या सर्व्हिस कंपनीत बऱ्यापैकी काम करत राहिला, त्याची गोष्ट कोण सांगतं? आणि ती सांगितली तर कुणाला दिलासा मिळतो? तिसरा चरण इथेच लागतो. मला पुढे कुठे नोकरी मिळाली आणि किती पगारावर, हे मी मुद्दाम इथे लिहीत नाही. ते लिहिलं की वरचा सगळा अनुभव त्या आकड्याची प्रस्तावना होऊन बसेल.

त्यापेक्षा मला आपल्याकडची एक जुनी मुलाखत जवळची वाटते. गोरोबाकाकांच्या अंगणातली. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, संतमेळा जमला होता, मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं की काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं बघायला. मग आमचीही मडकी बघा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले, नामदेवराय मात्र चिडले. काकांचा निकाल: हे मडकं कच्चं.

लहानपणापासून मी मनातून थोडा नामदेवरायांच्या बाजूने आहे. जेवायला बोलावून डोक्यात थापटणं मारायचं, आणि राग आला तर नापास! कीर्तनकार हा प्रसंग सांगतात तेव्हा लोक हसतात, मला मात्र त्यांचं उतरलेलं तोंड दिसतं. साक्षात पांडुरंग ज्याच्याशी बोलतो, त्याच्याएवढा रेझ्युमे त्या अंगणात कुणाचा होता? एलआरयू कॅशेत पास होऊन चौथ्या राउंडला आलेल्याची अवस्था ती हीच.

तरी ही परीक्षा मी वाईट म्हणू शकत नाही, आणि का म्हणू शकत नाही हे मला त्या प्रॉडक्ट कंपनीच्या मेलनंतर कळलं. काका कुंभार होते. भाजलेल्या मडक्याचा टणत्कार आणि कच्च्याचा बद्द आवाज यांतला फरक त्यांच्या हाताला जन्मभराच्या कामाने कळत होता. त्यांनी थापटणं मारलं तेव्हा त्यांचा कान तिथेच होता, दुसऱ्या कॉलवर नव्हता. एकच थापटणं सगळ्यांना, ज्ञानोबांनासुद्धा. निकाल तोंडावर आणि लगेच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, कुंभार मडक्याला कच्चं म्हणतो तेव्हा फेकून द्यायचं म्हणत नाही. कच्चं म्हणजे अजून भट्टीत जायचंय. नामदेवराय रडत पंढरीला गेले, देवाकडे तक्रार केली (तक्रार केली, बरं का, गिळून टाकली नाही), आणि देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं. म्हणजे नकारातून रस्ता निघत होता. कशात कमी आहे ते सांगितलं गेलं, आणि ते कुठे भरून निघेल तेही.

परीक्षा कुणाचीही घ्यावी, कडकसुद्धा घ्यावी. पण परीक्षा घेणाऱ्याचं धर्मकर्तव्य काय, याचं माप त्या अंगणात आहे. थापटणं मारताना कान द्यायचा. आवाज ऐकलाच नाही आणि तरी "कच्चं" म्हटलं, तर ते मडक्याबद्दल बोलणंच नव्हे.

इथे आपल्यातल्या निम्म्या लोकांनी सावरून बसायला हवं, कारण तिशी ओलांडलेले आपण बहुतेक जण आता टेबलाच्या त्या बाजूलाही बसतो. आठवड्याला दोन इंटरव्ह्यू माझ्याही कॅलेंडरवर पडतात. दोन डेप्लॉयमेंटच्या मध्ये, जेवणाच्या वेळेत, पाच मिनिटं आधी रेझ्युमे उघडायचा अशी ती पडतात. कंपनीच्या दृष्टीने ते "इतर काम" असतं, अप्रेझलमध्ये त्याचे गुण नसतात. म्हणजे बघा, निष्काम कर्म म्हणतात ते शब्दशः समोर येऊन बसलेलं असतं. यातून मला काही मिळणार नाही. समोरच्या पोराला मात्र नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, घरभाडं, लग्न, आईचं ऑपरेशन, काय काय मिळायचं किंवा हुकायचं असतं.

मी त्या वेळात चॅट बंद ठेवतो आणि कॅमेरा चालू. त्याच संध्याकाळी कारण लिहून ठेवतो, आणि ते असं लिहितो की उमेदवाराने वाचलं तरी मला लाज वाटू नये. एचआर ते उमेदवाराला पाठवत नाही, कायद्याचं कारण सांगते, त्यावर माझी सत्ता नाही. म्हणून शेवटची पाच मिनिटं मी कधी कापत नाही, आणि त्यात निकाल न सांगता एवढं सांगतो की या प्रश्नात मला आणखी कुठे खोलात जायला आवडलं असतं. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, हे सांगायची तुम्हाला परवानगी आहे?" मी म्हटलं, प्रश्नाबद्दल बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. ती हसली. तिची निवड झाली नाही. त्या दिवशीचा आवाज बद्द होता, आणि तो मी नीट ऐकला होता.

यात थोरपणा काही नाही, पंचेचाळीस मिनिटांचं साधं काम आहे. पण सत्तेचाळीसावा श्लोक उमेदवाराला ऐकवण्याआधी इंटरव्ह्यूअरला ऐकवावा, असं माझं आता ठाम मत झालंय. फळाचा मोह नसलेल्या जागी माणूस कर्म कसं करतो, ते तिथे खरं दिसतं.

राहिला त्या मुलाचा शेवटचा मुद्दा. कॉल संपता संपता त्याने विचारलं, "मग मी त्या कंपनीला मेल करू का? का नाही कळवलंत म्हणून? की ते पण फळाच्या मागे लागणं झालं?" यावर आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे सोडून दे, शांती घालवू नकोस. मी दुसऱ्या तटात होतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या तेव्हा ते "फळ माझ्या हातात नाही" म्हणून घरी जाऊन निजले नाहीत. तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय देवाच्या दारात धरणं धरून बसले. ज्याच्याकडे मागायचं त्याच्या दारात बसून मागितलं. मागणं हे कर्म आहे. उत्तर मिळणं हे फळ. या दोघांच्या मध्ये रेघ आहे, आणि रेघेच्या अलीकडचं सगळं आपलं आहे, त्यात प्रश्न विचारणंही आलं, रागही आला, नीट शब्दांत मांडलेला.

तर मेलचा मसुदा आम्ही सगळ्यांनी मिळून कॉलवरच केला. चार ओळी. शेवटच्या राउंडची तारीख, निर्णय काय झाला ते कळवा ही विनंती, राउंडमधलं काही सांगता आलं तर उपयोग होईल, धन्यवाद. पाचवी ओळ एकाने सुचवली होती, तुमच्यासारख्या मोठ्या कंपनीला हे शोभत नाही अशी. ती ठेवायची की काढायची यावर दहा मिनिटं गेली. शेवटी त्याने स्वतःच काढली आणि सेंड दाबलं.

उद्या श्लोक ४८. ज्ञानोबा माऊली तिथे सांगतात की हाती घेतलेलं काम तडीस गेलं तर फार हरखू नये आणि कुठल्याशा निमित्ताने अडलं तर क्षोभ करू नये. "कुठलंसं निमित्त" म्हणजे काय काय असू शकतं, यावर तुमच्या ऑफिसातली उदाहरणं मनात आणून ठेवा, उद्या लागतील.

राम कृष्ण हरी.